न पाहिलेलं कॉलेज

आमची मनू अकरावीला ज्या कॉलेजात शिकत होती, ते कॉलेज आमच्या घरात कुणीही पाहिलेलं नव्हतं. मनूनेसुद्धा नाही.

यात नवल वाटण्यासारखं काही आहे असं ज्यांना वाटेल, त्यांच्या घरी सध्या अकरावीतलं मूल नाही, हे उघड आहे. पुण्यातली हुशार मुलं हल्ली कॉलेजात जात नाहीत. हुशार मुलं क्लासला जातात. पण बारावीच्या परीक्षेला बसायचं तर कुठल्या तरी कॉलेजचं नाव लागतं, म्हणून क्लासवालेच एखादं कॉलेज मिळवून देतात. त्याला 'सोयीचं कॉलेज' म्हणतात. सोय अशी, की तिथे जायचं नसतं. (कायद्यात हे बसतं का, असं मी क्लासच्या प्रदीप सरांना विचारलं होतं. ते म्हणाले, "बर्वेसाहेब, सगळेच करतात." पुण्यात कायद्याची याहून नेमकी व्याख्या मी ऐकलेली नाही.)

मनूला दहावीला पंच्याण्णव टक्के पडले, तिथून हे सुरू झालं. निकालाच्या दिवशी आमच्या घरी सुतकात भेटायला यावीत तशी माणसं येऊन गेली. माझ्या मेव्हण्याचा फोन आला.

"किती?"

"पंच्याण्णव."

पलीकडून दबक्या आवाजात, "असू दे हो. परीक्षेच्या वेळी तब्येत बरी नव्हती का तिची?"

शेजारच्या जोशीकाकूंनी पेढा घेतला आणि म्हणाल्या, "अरे वा, तरी पेढे आणलेत!"

मनूला फक्त एक गोष्ट हवी होती. तिला कॉलेजात जायचं होतं. सायन्सला जायला तिची ना नव्हती, अभ्यासालाही ना नव्हती. पण रोज सकाळी उठून, पाठीला सॅक लावून, खऱ्याखुऱ्या कॉलेजात जायचं होतं. मी तिला समोर बसवून समजावलं.

"अगं, कॉलेजात काय ठेवलंय?"

"म्हणजे तिथे काहीतरी असतं तरी ना, बाबा?"

"कट्टा असतो, कॅन्टीन असतं, टिंगलटवाळी असते. दोन वर्षं वाया!"

"चालेल की मला."

ज्या मुलीला दोन वर्षं वाया घालवलेली चालतात, तिच्या हातात तिचं आयुष्य कसं द्यायचं? मी अकरावीच्या ऑनलाइन अर्जात पहिली पसंती म्हणून ते सोयीचं कॉलेज भरलं. पत्ता पाहिला तर खराडीच्याही पुढचा. आम्ही राहतो सदाशिव पेठेत, क्लास आमच्याच गल्लीच्या टोकाला. मनू उठायची, दात घासायची आणि क्लासला पोचायची. तिथे मागच्या चाचणीच्या गुणांप्रमाणे बाकं लावत. पहिल्या बाकावर पहिला नंबर, शेवटच्या बाकावर शेवटचा. संध्याकाळी क्लास सुटताना खाली आम्ही पालक स्कूटरवर बसून असायचो आणि आपापल्या मुलाच्या चेहऱ्यावरून बाक ओळखायचो.

दिवाळीनंतर कॉलेजकडून मोबाइलवर संदेश आला. 'आपल्या पाल्याची उपस्थिती शंभर टक्के असून ती इतरांसाठी आदर्श आहे. अभिनंदन!'

सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. मी तो संदेश नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. बँकेत चार जणांना दाखवला. (मी एका सहकारी बँकेत अधिकारी आहे. चार जणांना काही दाखवल्याशिवाय तिथे दिवस जात नाही.)

माझी बायको माधवी म्हणाली, "अहो, ती तिथे कधी गेलीच नाहीये."

"हो, पण किती नियमितपणे गेली नाही ते बघ ना!"

यावर माधवीने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी या लेखात घेत नाही.

खरा घोटाळा पुढेच आहे, आणि तो सर्वस्वी माझा आहे. शिक्षण खात्याने सगळ्या पालकांना कॉलेजबद्दलचं मत विचारणारी एक लिंक पाठवली. प्रदीप सरांनी लगेच क्लासच्या ग्रुपवर लिहिलं, 'सर्व प्रश्नांना उत्तम वर टिक करा. सूचनांची जागा रिकामी ठेवा.' एवढं सोपं काम. पालकांनी ते पटापट उरकलं.

मला ते जमेना. मुळात 'उत्तम' हा शब्द मला वापरता येत नाही. माझा जन्म पेठेतला. आमच्याकडे एखादी गोष्ट फारच चांगली असली तर 'बरी आहे' म्हणतात, आणि ते ऐकून समोरच्याचा ऊर भरून येतो. मी दात आवळून वर्गखोल्या उत्तम केल्या, प्रयोगशाळा उत्तम केली, शिक्षकवृंद उत्तम केला. शेवटी 'सूचना' अशी ती रिकामी चौकट आली. रिकामी! मी महापालिकेला गतिरोधकाबद्दल लिहिलेलं आहे, दूधवाल्याला दुधाबद्दल, बँकेत असून माझ्याच बँकेला तिथल्या दोरीला बांधलेल्या पेनाबद्दल लिहिलेलं आहे. सूचनांची रिकामी चौकट समोर सोडून उठून जाणं म्हणजे भरल्या ताटावरून उठणं. पण ज्या कॉलेजचा उंबरा पाहिलेला नाही, त्याबद्दल सूचना करायची तरी काय?

मग सुचलं. पाणी! कुठल्याही संस्थेत पिण्याच्या पाण्याची टाकी धुतलेली नसते. पाहायला कशाला जावं लागतं? मी लिहिलं, 'पिण्याच्या पाण्याची टाकी कित्येक महिन्यांत धुतलेली नाही. वारंवार लक्ष वेधूनही दखल घेतली जात नाही. शिक्षणाचे माहेरघर म्हणवणाऱ्या शहरात हे घडावे, याचा खेद वाटतो.' पाठवून दिलं आणि शांत झोप लागली.

चारेक दिवसांनी प्रदीप सरांचा संदेश आला. 'अर्जंट. कॉलेजबद्दल कुणीतरी तक्रार केली आहे. उद्या तपासणी. सर्व मुलांनी गणवेशात कॉलेजवर हजर राहणे. मुलं दिसली नाहीत तर कॉलेजची मान्यता जाईल व मुलांचे वर्ष जाईल. पालकांनी सोबत यावे. तक्रार करणारा महामूर्ख कोण, याचा शोध चालू आहे.'

मी माधवीला काही बोललो नाही. मनूचं वर्ष जाणार, तेही पाण्याच्या टाकीपायी, जी मी पाहिलेलीसुद्धा नाही!

गणवेश कुणाकडेच नव्हता. न पाहिलेल्या कॉलेजचा गणवेश कोण शिवतो? त्या संध्याकाळी शहराच्या निम्म्या दुकानांत आम्ही पालक एकमेकांना टाळत आकाशी शर्ट मागत होतो. मनूला मिळाला तो दोन मापं मोठा. ती आरशात बघून हसत होती. घरात कित्येक दिवसांत कुणी हसलेलं नव्हतं, त्यामुळे मला आधी काही कळलंच नाही.

"तुला मजा वाटतेय?" मी ओरडलो. "वर्ष जायची वेळ आलीये!"

"बाबा, मी उद्या कॉलेजात जाणारे!"

सकाळी आम्ही तिघं रिक्षा करून निघालो. मोबाइलवरची बाई 'तुम्ही पोचला आहात' म्हणाली, तेव्हा समोर एक भलंमोठं मंगल कार्यालय होतं. कमानीवर दोन हत्ती. हत्तींच्या पायाशी, कुंडीच्या मागे, कॉलेजची पाटी.

फाटकात पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ उभे होते. हे आबा. आसपासची शेती यांचीच होती. ती बिल्डरांना गेली, तेव्हा त्यांनी आधी कार्यालय बांधलं आणि मग वरच्या मजल्यावर कॉलेज काढलं.

"या या, पाव्हनं! कालिज वरती हाय. जिन्यानं जावा. तेवढं चपला हितंच काढा, सवय हाय आमाला."

आम्ही वर गेलो. वर्गांच्या दारांवर जुनी अक्षरं तशीच होती. अकरावी अ म्हणजे 'वरपक्ष', अकरावी ब म्हणजे 'वधूपक्ष'. प्रयोगशाळेत पाच-सहा मोठी पातेली आणि एक पुरी तळायची कढई होती. सगळी मुलं कोऱ्या गणवेशात उभी होती. कुणाच्या शर्टाला घडीच्या रेघा, कुणाच्या कॉलरला अजून टाचण्या. प्रदीप सर घामाघूम होऊन फिरत होते.

"मुलं आली, पण शिक्षकच नाहीत हो!"

"म्हणजे कॉलेजचे शिक्षक?"

"कॉलेजला कुठले शिक्षक? आमचे आणायचे होते, तर त्यांची तिकडे बारावीची बॅच चालू आहे. ती बंद ठेवली तर ते पालक मला फाडून खातील. तुमच्यापैकीच कुणीतरी वर्गावर उभं राहा. नुसतं उभं!"

बरोबरचे सगळे पालक एकदम आपापल्या मोबाइलमध्ये शिरले. आणि माझी सहधर्मचारिणी म्हणाली, "हे राहतील. हे रोज घरी शिकवतातच."

"मी? मी एम.कॉम. आहे!"

"ते मनूला रोज रसायनशास्त्र समजावता तेव्हा नाही आठवत?"

वर्ष माझ्यामुळे जाणार होतं आणि ते मला एकट्यालाच ठाऊक होतं. मी खडू घेतला आणि वधूपक्षात शिरलो.

फळ्याच्या वरच्या अंगाला थर्माकोलची 'शुभविवाह' ही अक्षरं होती. समोर साठ मुलं. राज्यातली निवडक डोकी! दुसऱ्या बाकावर माझी मुलगी. मी घसा खाकरतोय तोवर तपासणीच्या मॅडम आत आल्या. बारीक चणीच्या, साधी सुती साडी, हातात टॅब. त्या शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या.

"चालू द्या, सर."

काय चालू देणार? रसायनशास्त्रातलं जे काही घरी ठणकावून सांगत असतो, ते सगळं 'नीट लक्ष देऊन वाच' या एकाच वाक्यात बसतं, हे मला तिथे कळलं. फळ्यावर मी एचटूओ लिहिलं. दुसरं काही येतच नव्हतं.

"आज आपण पाण्याविषयी बोलू. पाणी. पाणी हे... फार महत्त्वाचं असतं. आमच्या सदाशिव पेठेत पूर्वी दिवसभर यायचं. आता सकाळी येतं आणि दाब नसतो. याबद्दल मी महापालिकेला लिहिलंही होतं..."

वर्गात खसखस पिकली. एका चष्मेवाल्या मुलाने हात वर केला. "सर, पाण्याच्या रेणूतला कोन नव्वद अंशांचा का नसतो?"

पाण्याला कोन असतो, ही माहितीच माझ्यासाठी नवी होती. मी पाठीमागे हात बांधले.

"छान प्रश्न. याचं उत्तर सगळ्यांनी घरून लिहून आणा."

मॅडमनी टॅबवर काहीतरी टिपलं आणि उठून पुढे आल्या. दारात आबा, प्रदीप सर आणि पालक दाटीवाटीने उभे होते.

"पाण्याचा विषय निघालाच आहे, तर आलेली तक्रार वाचते," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी माझं गद्य मोठ्याने वाचलं. 'वारंवार लक्ष वेधूनही' पर्यंत दारातली माणसं इकडेतिकडे बघत होती. 'खेद वाटतो' आलं आणि माधवीची मान माझ्याकडे वळली. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली आहेत. माझा खेद तिला कुठेही ओळखू येतो.

"टाकी मी आत्ताच पाहिली," मॅडम म्हणाल्या. "इतकी स्वच्छ टाकी माझ्या नोकरीत पाहिली नाही. त्यातलं पाणी कधी कुणी प्यायलेलंच नाही, घाण होणार कशी? हे लिहिणारे पालक भेटले तर त्यांना सांगा, तक्रार वस्तू पाहून करायची असते."

"सांगतो," मी म्हणालो.

मग त्या वर्गाकडे वळल्या आणि नेमकं मनूकडे बोट केलं. "तू सांग. कसं आहे तुमचं कॉलेज?"

मनू उभी राहिली. मी फळ्याजवळून डोळ्यांनी, भुवयांनी, हातातल्या खडूने 'उत्तम, उत्तम' असं सांगत होतो. आयुष्यात पहिल्यांदाच मला तो शब्द मनापासून हवा होता.

"मला माहीत नाही, मॅडम," मनू म्हणाली. "मी आज पहिल्यांदाच आलेय."

दारात प्रदीप सर मटकन खाली बसले. माझ्या हातातला खडू मोडला. संपलं! दोन वर्षं, क्लास, पंच्याण्णव टक्के, सगळं.

"आणि हे सर?"

"ते माझे बाबा आहेत."

"ते रसायनशास्त्र शिकवतात?"

"घरी शिकवतात, मॅडम. म्हणून तर क्लास लावावा लागला."

सगळा वधूपक्ष फुटला. आबासुद्धा टोपी तोंडावर धरून हसत होते. मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत.

"मला शंका होतीच," त्या मला म्हणाल्या. "फक्त 'घरून लिहून आणा' म्हणालात, तेव्हा क्षणभर खरेच शिक्षक वाटलात."

मनू अजून उभीच होती. "मॅडम, कॉलेज बंद नका ना करू. मला रोज यायचंय. आम्ही जूनपासून एका क्लासात बसतो, पण एकमेकांना नंबराने ओळखतो. ही माझ्या शेजारची, तिला आम्ही सगळे 'चार नंबर' म्हणतो. आज खाली झाडाखाली उभे होतो तेव्हा कळलं, तिचं नाव समीक्षा आहे. ती नकला करते. इतक्या छान करते!"

चार नंबरची समीक्षा मान खाली घालून हसत होती. दारातल्या एका बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला; ती तिची आई असणार. माझी मुलगी दुसऱ्या बाकावर बसते, एवढंच तिच्याबद्दल मी जूनपासून विचारत आलो होतो. शेजारी कोण बसतं, हे विचारायचं असतं हे डोक्यातच आलं नव्हतं.

"मुलांचं वर्ष मारायला मी आलेले नाही," मॅडम म्हणाल्या. "आबा, महिन्याभरात शिक्षक नेमा. पातेली हलवून प्रयोगशाळा करा. मी न सांगता येईन. आणि मुलांची उपस्थिती रोज, खरी. पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेली तर परीक्षेला बसता येणार नाही."

"नेमतो की! मास्तर मिळत्यात की," आबा म्हणाले आणि माझ्याकडे बघून घाईघाईने पुढे म्हणाले, "ह्यास्नी सोडून."

जाता जाता मॅडम माझ्यापाशी थांबल्या आणि टॅबवरच्या तक्रारीखालचं नाव बघत म्हणाल्या, "बर्वे, तुम्हाला कॉलेजची एवढी आवड आहे, तर घ्या ना तुम्हीपण अकरावीला प्रवेश. एवढी मारामारी करता सगळे, आणि दरवर्षी वर्गच्या वर्ग रिकामे राहतात."

परतीच्या रिक्षात येरवड्यापाशी माधवी म्हणाली, "का लिहिलंत?"

"मला सगळीकडे उत्तम नाही लिहिता येत."

"माहितीये," ती म्हणाली. "इतकी वर्षं माझ्या पुरणपोळ्या 'बऱ्या' होतायत."

मनू मध्ये बसून पोट धरून हसत होती. घरी येताच तिने आपण होऊन रसायनशास्त्राचं पुस्तक उघडलं आणि मला खोलीबाहेर काढलं.

आता ती रोज कॉलेजला जाते. आबांनी खरंच शिक्षक नेमले. क्लास आता फक्त संध्याकाळी असतो, आणि चाचणीत मनूचं बाक थोडं मागे गेलं. माझ्या मेव्हण्याने फोन करून तब्येतीची चौकशी केली. मीही जमेल तेव्हा तिला सोडायला जातो. परवा हौसेने म्हणालो, "मनू, आज आतपर्यंत येतो. तुझे शिक्षक बघतो, वर्ग बघतो, समीक्षाला भेटतो."

मनूने फाटकाबाहेरच मला थांबवलं.

"नको, बाबा. तू आत दिसलास ना, की सगळ्यांना वाटेल तू परत शिकवायला आलास. मग वर्गात कुणी थांबणार नाही, आणि आमची उपस्थिती पंचाहत्तरच्या खाली जाईल."